लाइट कधी येणार?

बर्फाचं आपल्याला आता अप्रूप राहिलेलं नाही. पण तो यायचा डिसेंबर-जानेवारीत. २०११ साली न्यू जर्सीत तो २९ ऑक्टोबरला आला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आकाशकंदील अजून खिडकीत, फराळाचे डबे अर्धे भरलेले आणि मुलांचे बर्फातले बूट तळघरात कुठल्या खोक्यात आहेत याचा पत्ता नाही. अंदाज दोन दिवस आधीपासून सांगत होते, पण ऑक्टोबरातला बर्फ म्हटल्यावर आपण सगळ्यांनी तो हसण्यावारीच नेला.

झाडांची पानं अजून गळायची होती, तिथेच घात झाला. ओला, जड बर्फ पानांवर साचत गेला आणि फांद्या मोडायला लागल्या. जानेवारीत उघडी झाडं याहून जास्त बर्फ निभावून नेतात. वेस्ट मिलफर्डला १९ इंच पडला. आमच्याकडे त्याहून बराच कमी, तरी दुपारभर सुतळी बॉम्ब फुटावेत तसे फांद्यांचे आवाज येत होते. मग तारा तुटल्या आणि लाइट गेली. ईशान्येकडच्या राज्यांत मिळून तीस लाखांहून जास्त घरांची-दुकानांची वीज गेली होती, हे नंतर वाचलं. त्या दुपारी नव्याने कळलं ते इतकंच, की फर्नेस गॅसचा असला तरी त्याचा पंखा विजेवरच फिरतो.

आणि सुरू झालं, “लाइट कधी येणार?”

आपण काय म्हणतो? “येईल गं आत्ता.” दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा आपला आवाज चढतो. त्यात वीज कंपनीच्या फोनवर तीच ती ध्वनिमुद्रित बाई बोलत असते आणि मोबाइलची बॅटरी उतरत असते. मुलावर ओरडायचं कुणाच्या मनात नसतं हो, पण तेवढं एकच माणूस हाताशी असतं!

मला वाटतं, मूल त्या वेळी लाइटबद्दल फारसं विचारतच नसतं. आई सारखी खिडकीशी का जातेय, दोघं हळू आवाजात काय बोलताहेत, हे ते बघत असतं. “कधी येईल ते आम्हालाही माहीत नाही, पण आज रात्री आपण सगळे हॉलमध्ये एकत्र झोपणार,” एवढं सांगून बघा. लगेच पुढचे प्रश्न येतात. माझी उशी आणायची का? आजी सोफ्यावर की खाली? या प्रश्नांना निदान उत्तरं तरी आहेत.

आमच्या आजी तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. लोडशेडिंगची वर्षं काढलेली बाई, त्यांना अंधाराचं काय कौतुक! काडेपेटीने गॅस पेटवून त्यांनी खिचडी टाकली. आपणही तिथेच वाढलो की. लाइट गेली की सगळी आळी ओरडायची आणि अभ्यास बुडाल्याच्या आनंदात आपण बाहेर पळायचो. मोठी माणसं निवांत असायची, म्हणून ती गंमत वाटायची. अर्थात तिथे घर गार पडत नव्हतं. इथली आपली काळजी काही उगीच नसते.

काही गोष्टी तर ठामपणेच सांगाव्या लागतात. खाली तार पडलेली असू शकते, वरून फांदी येऊ शकते, तेव्हा आज बर्फात खेळणं नाही. पण नुसतं “नाही म्हटलं ना!” म्हणण्यापेक्षा खिडकीतून वाकलेली फांदी दाखवली तर बहुतेक मुलांना पटतं. आणि आपल्यासाठी एक: घर कितीही गारठलं तरी शेगडी, ग्रिल किंवा जनरेटर घरात, अगदी गॅरेजमध्येसुद्धा, लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिवसभर मुलांना रमवायचं कसं, याचं आपण फार दडपण घेतो. त्यापेक्षा एखादं खरं काम द्यावं. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस टिकतो, असं सांगून आम्ही धाकट्याला फ्रिजचा राखणदार केलं. तो दाराला पाठ लावून बसला. बाबा दूध घ्यायला गेला तर म्हणाला, “आधी काय हवंय ते सांग, मग मी पटकन काढतो.” पुढे दूध बाहेर डेकवरच ठेवलं, तर साहेबांची नोकरी गेली आणि रडारड झाली. चालायचंच.

थोरलीचं दुःख मात्र मोठं होतं. सोमवारचं हॅलोविन खूप गावांनी पुढे ढकललं, आमच्याही. “एवढं काय त्यात, शुक्रवारी जा,” हे वाक्य आपल्या जिभेवर तयारच असतं. आपल्या डोक्यात बिघडलेलं अन्न आणि ऑफिस, तिच्या डोक्यात महिनाभर हँगरला लावून ठेवलेला फुलपाखराचा पोशाख. तिचं रडणं आपल्याला क्षुल्लक वाटतं, कारण आपण दमलेले असतो. अशा वेळी समजूत घालायची घाई न करता नुसतं जवळ बसलं तरी चालतं. “खूपच वाईट झालं गं,” एवढं पुरतं.

नाक पुसून तिने स्वेटरवरच पंख चढवले, धाकट्याला हाताशी धरलं आणि दोघं आजींच्या खोलीचं दार वाजवायला गेली. आजींना हा प्रकार काही पटला नाही. “दारात उभं राहून काय मागता? आत या, बसा,” म्हणत त्यांनी दोघांच्या पिशवीत एकेक चकली टाकली. चकली चालत नाही, चॉकलेटच लागतं, यावर मग तिघांचं जेवणापर्यंत भांडण चाललं होतं.