घटक ४ : ‘तथ्य’ आणि ‘विदा’ – अर्थभेदाचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• ‘तथ्य’ व ‘विदा’ या शब्दांतील अर्थभेद सांगता येईल.
• नोंद, तथ्य आणि निष्कर्ष वेगळे ओळखता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव आपणांस दोन कारणांनी परिचित असेल : १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे झालेले पाणलोट विकासाचे काम आणि पुढे माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी उभारलेले आंदोलन. प्रस्तुत अर्थभेद समजून घेण्यास ही दोन्ही उदाहरणे उपयुक्त आहेत.

४.२ व्युत्पत्ती व प्रयोग

‘तथ्य’ हा शब्द संस्कृत ‘तथा’ या अव्ययापासून सिद्ध झाला आहे. जे तसेच आहे, ते तथ्य. ‘डेटा’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘दिलेले’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. संस्कृत ‘दत्त’ हा त्याच कुळातला. मराठीत त्यासाठी ‘विदा’ हा प्रतिशब्द वापरला जातो. व्यवहारात आपण ‘नोंदी’ किंवा ‘आकडेवारी’ म्हणतो.

केवळ व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नाही. शब्द कोणत्या शब्दांबरोबर येतो हेही पाहावे लागते. ‘चुकीची आकडेवारी’, ‘अपुऱ्या नोंदी’, ‘सदोष विदा’ हे प्रयोग सहज वाटतात. ‘खोटे तथ्य’ मात्र कानाला खटकते, कारण खरेपणा हा ‘तथ्य’ या शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत आहे. ‘त्याच्या बोलण्यात तथ्य नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बोलणे खरे नाही असेच सुचवतो. चुकलेली नोंद ही नोंदच राहते. चुकीचे ठरलेले विधान मात्र तथ्य राहत नाही.

४.३ उदाहरण : विहिरीची वही

समजा, राळेगणसिद्धीतील एका विहिरीची पाणीपातळी दरमहा वहीत लिहिली जाते. वहीतील आकडे म्हणजे विदा. एखाद्या महिन्यात मोजताना चूक झाली, तरी तो आकडा वहीत राहतोच. ‘अमुक दिवशी पाणी काठापासून वीस फुटांवर होते’ हे, मोजणी बिनचूक असेल तर, तथ्य होय. ‘पाझर तलावामुळे पातळी वाढली’ हा मात्र निष्कर्ष आहे. त्या वर्षी पाऊस अधिक झाला होता का, उपसा कमी होता का, हे तपासल्याशिवाय तो स्वीकारता येत नाही.

४.४ उदाहरण : माहितीचा अधिकार

महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा. केंद्राचा २००५ चा असून तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. केंद्रीय कायद्याच्या कलम २ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत अभिलेख, अहवाल, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील विदा यांबरोबरच अभिप्राय आणि सल्लाही येतो. म्हणजे मिळालेली माहिती तथ्यच असेल, असे कायदा म्हणत नाही.

आपण अर्ज केला आणि ‘नालाबांध पूर्ण’ असे उत्तर आले, तर दप्तरात तशी नोंद आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. बांध खरोखर पूर्ण झाला का, हा निराळा प्रश्न आहे. म्हणूनच याच कलमात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही दिला आहे. दप्तरातील नोंदीपासून तथ्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्यक्ष बांधावर जावे लागते, आणि त्यासाठी नागरिकाला कायद्याचा आधार आहे. हा अर्थभेद लक्षात न घेणारा नागरिक मात्र उत्तराचा कागद हाती पडताच समाधान मानतो.

४.५ सारांश

विदा गोळा करतात, तथ्य पडताळतात आणि निष्कर्ष काढतात. ही तीन क्रियापदे लक्षात ठेवल्यास अर्थभेद ध्यानात राहील.

४.६ स्वाध्याय

१. ‘चुकीची तथ्ये’ हा प्रयोग अलीकडे आढळतो. तेथे वक्त्याला नेमके काय म्हणायचे असते?
२. आपल्या परिचयातील एका शेताच्या सातबारा उताऱ्यावरील पिकाची नोंद पाहा. त्या हंगामात तेथे कोणते पीक होते, याची चौकशी करा. विदा, तथ्य व निष्कर्ष दर्शवणारी तीन वाक्ये लिहा.