न दिसणाऱ्या न्यूट्रिनोचा हिशोब

मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक अँटिक्वार्क यांची जोडी. 'डी प्लस' मेसॉनमध्ये चार्म आणि अँटि-डाऊन असतात. कधीकधी हे दोघं एकमेकांना नष्ट करतात आणि बाहेर पडतात फक्त एक म्युऑन आणि एक न्यूट्रिनो. हा लेप्टॉनिक डिके. नष्ट व्हायचं तर दोघांनी एकाच जागी यायला हवं ना? ती शक्यता सांगणारा आकडा म्हणजे डिके कॉन्स्टंट, 'एफ'. डिकेचा वेग एफच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

गंमत म्हणजे हलका इलेक्ट्रॉन इथे जवळजवळ निघतच नाही! मेसॉनचा स्पिन शून्य, न्यूट्रिनो कायम डावखुरा, त्यामुळे जोडीदाराला 'चुकीच्या' बाजूने फिरावं लागतं. लेप्टॉन जितका हलका, तितकं ते कठीण.

पण न्यूट्रिनो तर डिटेक्टरला दिसत नाही, मग मोजायचं कसं? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लिओ-सी प्रयोगाची युक्ती मला फार आवडली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर सुमारे ३७७० एमईव्ही ऊर्जेला घडवायची. डी प्लस आणि डी मायनसची जोडी बनली की एक पायॉन बनवण्याइतकीही ऊर्जा उरत नाही. डी मायनसचे सगळे तुकडे पकडले की समोरच्या डी प्लसची ऊर्जा आणि संवेग आपोआप कळतात. त्यातून म्युऑनचा वाटा वजा करा. उरलेल्या वस्तुमानाचा वर्ग शून्याजवळ आला, की निसटला तो न्यूट्रिनोच. मेसच्या बिलातून आपला वाटा काढतो तसंच!

दहा हजारांत जेमतेम चार डी प्लस असे फुटतात. २००५ साली ४७ घटनांवरून एफ आला सुमारे २२३ एमईव्ही, अधिक-उणे १७. २००८ मध्ये जास्त डेटा घेऊन तो २०५.८ झाला. लॅटिस क्यूसीडीच्या कॉम्प्युटर गणिताचं उत्तर होतं २०७. मस्त जुळलं.

एवढा खटाटोप कशाला? बी मेसॉनचा एफ थेट मोजणं महाकठीण, तिथे लॅटिसवरच विसंबावं लागतं. म्हणून डी ही त्या गणिताची परीक्षा. 'डी-एस' मेसॉनच्या पेपरात मात्र गडबड झाली: गणित २४१, प्रयोग २७०च्या आसपास. २००८ मध्ये काहींनी लेप्टोक्वार्क नावाच्या नव्या कणांची शंकाही घेतली. पुढे प्रयोगाचा आकडा खाली आला, २०१० मध्ये गणिताचा २४८ पर्यंत चढला आणि नव्या कणांची हवाच गेली.

बीजिंगच्या बेस-थ्री प्रयोगाने २०१४ मध्ये ४०९ घटनांवरून डी प्लसचा एफ २०३.२ काढला. आता बरेचदा उलटा हिशोब मांडतात: एफ लॅटिसचा घ्यायचा आणि चार्मचं डाऊनशी असलेलं नातं, म्हणजे व्ही-सीडी, डिकेच्या वेगावरून काढायचं.