गोकाकची घळई : आईबाबांबरोबर एक पाठ



अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची प्रचंड घळई तुम्ही भूगोलात वाचली असेल. तिचे धाकटे भावंड आपल्याच जिल्ह्यात, गोकाकला आहे. येथे घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते.

निपाणीकडचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोकाकचा वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना. पाण्याबरोबर वाहणारी वाळू खडकाला घासते, भेगा रुंदावतात, कड्याचे तुकडे कोसळतात आणि घळई हळूहळू मागे सरकते. हेच पाणी वापरून तेथे वीजनिर्मिती झाली.

पावसाळ्यात धबधबा पाहावा, पाणी ओसरल्यावर खडक. वहीत थरांचे चित्र काढा. मात्र कठडा नसलेल्या काठावर व शेवाळावर पाऊल टाकू नका. फोटोसाठी तर नाहीच.

पालकांना विनंती : मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसले तरी संकोच नको. "चल, दोघे मिळून शोधू," एवढे म्हणा. शाळेच्या सहलीत शिक्षक पन्नास मुलांकडे पाहतात. तुमचे लक्ष एकाकडेच असते. तो पाठ आम्हाला देता येत नाही.

– मुख्याध्यापक