कडेला नको, नजरेत राहा

भाचीला यंदा इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात प्रवेश मिळाला आणि तक्षशिला परिसरात रोज सायकलनंच जायचं, असं तिनं ठरवलं. वाट अशी: राजेंद्रनगरहून चोइथराम मंडी, राजीव गांधी चौराहा, तिथून ए.बी. रोडनं भंवरकुआं आणि मग खंडवा रोड. अंतर फार नाही, पण मंडीचे ट्रक, सिटी बस, मॅजिक, ई-रिक्षा आणि कोचिंगच्या वेळा गाठायला सुसाट सुटलेल्या बाइक, सगळे याच वाटेवर. घरच्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मामा वाहतूक अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले आणि अजूनही बाजारहाट सायकलवरून करणारे. तेव्हा तिनं त्यांनाच गाठलं.

भाची: मामा, आई म्हणते, सायकल घे, पण रस्त्याच्या अगदी कडेकडेनं चालव. तसंच करायचं ना?

मामा: आईची काळजी रास्त आहे, सल्ला मात्र अर्धाच बरोबर आहे. डावीकडून चालवायची, यात वाद नाही. पण कडेला चिकटून नाही. कडेला काय असतं ते उद्या नीट बघ. वाळू, फुटक्या काचा, गटाराची जाळी, डांबर संपून खाली गेलेली धार, मध्येच उभी केलेली कार. यातलं काहीही समोर आलं की तू अचानक उजवीकडे येणार. मागच्या बाइकवाल्याला वाटत असतं की ही सरळ जातेय. तो तुझ्या अगदी जवळ आलेला असतो, नेमकी त्याच वेळी तू वळतेस. म्हणून कडेपासून पाऊण-एक मीटर आत राहायचं आणि सरळ रेषेत चालवायचं. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरायचं नाही. आत गेलीस की मागच्यांच्या नजरेतून जातेस आणि बाहेर येताना त्यांच्या अंगावर येतेस.

भाची: पण आत राहिले तर मागचा हॉर्न मारून कान किटवेल.

मामा: मारू दे. हॉर्न वाजवणाऱ्यानं तुला पाहिलेलं असतं. मला भीती वाटते ती तुला न पाहणाऱ्याची. मोबाइलवर बोलणारा, आरशात न बघता वळणारा, झोप अनावर झालेला. सायकलवाल्याचं पहिलं काम एकच, आपण दिसलो पाहिजे आणि आता काय करणार आहोत ते मागच्याला कळलं पाहिजे. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पेडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर, अंगात उजळ रंगाचे कपडे. वळण्याआधी मान वळवून मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं. मान वळवण्याचा आणखी एक उपयोग आहे. मागच्याला तुझा चेहरा दिसतो. पुढे नुसतं चाक नाही, माणूस आहे, हे त्याच्या ध्यानात येतं.

भाची: काहीजण तर मुद्दाम खेटून कट मारतात. हेल्मेट घातलं तर जरा जपून जातील का?

मामा: ती आशा धरू नकोस. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात असताना इयान वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून सॅलिसबरी आणि ब्रिस्टलमध्ये मोजणी केली होती. त्यांनी हेल्मेट घातलं तेव्हा गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. हा सरावलेला दिसतोय, सांभाळून घेईल, असं चालकांना वाटत असावं, असा त्यांचा तर्क होता. बायकी केसांचा टोप घातल्यावर मात्र गाड्या जास्त जागा सोडून गेल्या. याचा अर्थ हेल्मेट घालू नये, असा नव्हे. पडलीस तर डोकं वाचवायला ते हवंच. इंदुरात १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. तो दुचाकीवाल्यांसाठी होता, पण डोकं सायकलवाल्यालाही एकच असतं. फक्त एवढं ओळखून राहा की हेल्मेट आघात झेलतं, आघात टाळत नाही.

भाची: मग कडेपासून आत राहिल्यानं गाड्या लांबून जातात, असं तरी दिसलं का त्या मोजणीत?

मामा: चांगलं विचारलंस. उलटंच दिसलं. सायकल जितकी आत, तितक्या गाड्या थोड्या जवळून गेल्या. तरीही मी आत राहा म्हणतो, कारण तुझ्या डावीकडे सुटका करून घ्यायला जागा उरते. कुणी फारच दाबलं तर ती जागा तुझी. कडेला चिकटलीस तर उजवीकडे गाडी, डावीकडे गटार, मग जाणार कुठे?

भाची: आणि वेग? ए.बी. रोडवर तर कार साठच्या खाली येतच नाहीत.

मामा: सगळ्याचं मूळ तिथंच आहे. हिशेब करून बघू. तू ताशी १५ किलोमीटरनं जातेस, मागून कार ६०नं येते. दोघांच्या वेगातला फरक ४५, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. तू त्याला २५ मीटरवर दिसलीस, तर त्याच्या हातात फक्त दोन सेकंद असतात. त्यातला एक-दीड सेकंद पाहण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यात संपतो. आता तीच कार ३०नं येऊ दे. फरक उरतो १५चा. तेवढ्याच २५ मीटरला सहा सेकंद मिळतात. वेग निम्मा झाला आणि सावरायला वेळ मिळाला तिप्पट. शिवाय वेग निम्मा झाला की धडकेतली ऊर्जा चौथाई होते. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेल्याची नोंद आहे, आणि त्यातल्या दहापैकी सात मृत्यूंना अतिवेग कारणीभूत मानलेला आहे.

भाची: म्हणजे सायकलवाला कितीही शहाणा असला तरी...

मामा: तरी सगळं त्याच्या हातात नसतं. अवतार सैनी हे नाव ऐकलंयस? इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख, संगणकाच्या ३८६ आणि ४८६ चिपवर काम केलेले अभियंते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते इतर सायकलस्वारांबरोबर फेरीला जात. २८ फेब्रुवारी २०२४ला पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रोडवर एका टॅक्सीनं त्यांना मागून उडवलं आणि त्यात ते गेले. पाम बीच रोड रुंद आणि गुळगुळीत, पहाटेचा म्हणून रिकामा. आपल्याला वाटतं, मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता. पण मोकळ्या रस्त्यावरच वेगाला लगाम राहत नाही. आपला सुपर कॉरिडॉर आणि बायपास असेच आहेत. रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर तिकडे जाशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

भाची: मला जास्त धास्ती मंडीजवळच्या ट्रकची वाटते.

मामा: वाटायलाच हवी. ट्रकवाल्याची केबिन उंच असते. त्याच्या डाव्या दाराच्या खाली आणि मागे बराच भाग असा असतो की तिथलं त्याला काही दिसत नाही. तू नेमकी तिथं उभी असतेस आणि तो डावीकडे वळतो. पुढची चाकं तुझ्यापासून दुरून वळतात, म्हणून तुला वाटतं, गेला. पण मागची चाकं पुढच्यांच्या मागून येत नाहीत, ती आतून कापत येतात आणि सायकलला फूटपाथशी दाबतात. म्हणून सिग्नलला ट्रक किंवा बसच्या डावीकडे कधी घुसायचं नाही. एक तर पूर्ण मागे राहा, नाहीतर इतकी पुढे जा की ड्रायव्हरला तू समोर दिसशील. खूण सोपी आहे. त्याच्या आरशात तुला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस.

भाची: आणि उभ्या गाड्या? भंवरकुआंला तर रांगच असते.

मामा: त्यांच्यापासून दाराएवढं अंतर सोड, साधारण एक मीटर. कारच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का, चाक वळलेलं आहे का, दिवे लागलेत का, हे बघत जा. आणि उजवीकडे वळायचं असेल, तर एवढ्या वाहतुकीत आडवं कापत जायची गरज नाही. सरळ चौराहा पार कर, पलीकडच्या डाव्या कोपऱ्याला थांब, सायकल वळव आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की जा. अर्धा-एक मिनिट जास्त जाईल, जाऊ दे. रॉन्ग साईडनं मात्र कधी जायचं नाही. तसं गेलं की दोघांचे वेग एकमेकांत मिळतात, ६० आणि १५चे ७५ होतात.

भाची: पण एखादा दारू पिऊनच चालवत असेल तर?

मामा: तिथं तुझं कौशल्य थिटं पडतं. १५ सप्टेंबर २०२५च्या संध्याकाळी नशेतला एक ट्रकचालक नो-एन्ट्री असताना एअरपोर्ट रोडवर घुसला आणि बडा गणपतीच्या दिशेनं लोकांना चिरडत गेला. तिथं पायी जाणारे, बाइकवाले, रिक्षावाले, कुणाचीच चूक नव्हती. अशा वेळी पोलिसांनी ट्रक नाक्यावरच अडवला पाहिजे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, पण ते मोजायला नाक्यावर कुणीतरी उभं असायला हवं. तुझ्या हातात एवढंच की एखादी गाडी झोकांड्या खात येताना दिसली तर सायकलसकट रस्ता सोडून बाजूला उभं राहायचं. तेव्हा मान-अपमानाचा प्रश्न नसतो.

भाची: कट मारून गेलेल्याला सिग्नलवर गाठून दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

मामा: वाटणारच, पण गाठू नकोस. रागावलेल्या माणसाच्या हातात टनभर लोखंड आहे आणि तुझ्याकडे काही नाही. थांब, श्वास घे, नंबर लक्षात ठेव, फारच धोकादायक असेल तर ११२ला कळव. कायदा तुझ्या बाजूनं आहे. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट म्हटलंय की पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची चालकानं विशेष काळजी घ्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं, उलट दिशेनं येणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं हे सगळं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

भाची: आणि खरंच कुणी धडकलं तर?

मामा: आधी रस्त्यातून बाजूला हो, मग १०८ला फोन. कितीही ठणठणीत वाटलं तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय रस्त्यावरच मिटवामिटवी करायची नाही. डोक्याचा मार पुष्कळदा तासाभरानं कळतो. गाडीचा नंबर, जागेचे फोटो, बघणाऱ्याचा फोन नंबर घे, पोलिसांत नोंद कर. मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी योजना आहे, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता होतो. प्रत्येक मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि सायकलवाला तो तिसरा पक्ष असतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. आणि कुणा दुसऱ्याला लागलेलं दिसलं, तर बिनधास्त मदत कर. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पोलीस तुला साक्षीला बसवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

भाची: हे सगळं शिकायचं मीच? ज्याच्या गाडीनं जीव जातो, त्यानं काहीच नाही?

मामा: खरा प्रश्न तोच आहे. नेदरलँड्स जन्मापासून सायकलींचा देश होता, असं लोकांना वाटतं. पण १९७१ साली तिथं रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी सायकलनं शाळेत जाताना गेली आणि त्यानं त्यावर लिहिलं. त्यातून 'मुलांचे खून थांबवा' ही चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर बसले. तेव्हा कुठे सरकार हललं, वेग कमी झाले, सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. तिथला कायदाही असा की मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईचा भार मुख्यतः मोटारवाल्यावर. जास्त इजा करू शकणाऱ्यानं जास्त जपायचं, हे तत्त्व त्यामागे आहे.

भाची: आपल्याकडे हे कुठून सुरू करायचं?

मामा: ए.बी. रोडवरूनच. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा सुमारे ११ किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बसचा राखीव मार्ग, २०१३मध्ये सुरू झाला. त्याच्या आराखड्यात फूटपाथ आणि सायकल ट्रॅक होते, पण तिथं गाड्या उभ्या राहू लागल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयानं बीआरटीएस काढायची मुभा दिली. म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्याची वाटणी पुन्हा होणार आहे. सगळी रुंदी मोटारींना दिली तर वेग वाढेल, आणि दोन सेकंदांचा तो हिशेब तुझ्यासारख्या प्रत्येक मुलीला रोज लागू होईल. म्हणून आत्ताच मागायचं. कठडा घातलेला, चौराह्यावर न तुटणारा सायकल ट्रॅक. कॉलेज-कोचिंगच्या पट्ट्यात ३०ची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे कॅमेरे. नो-एन्ट्रीच्या वेळेत ट्रक शहरात शिरणार नाहीत, याची नाक्यावरची जबाबदारी.

भाची: एकटीच्या अर्जानं काय होणार?

मामा: एकटीच्या नाही होणार. तुझ्या वर्गात सायकलनं येणारे कितीजण आहेत ते शोध. यायची इच्छा असून घाबरणारे त्याहून जास्त निघतील, त्यांच्याही सह्या घे. कुठल्या ठिकाणी, किती वाजता, कशाची भीती वाटते, हे एकेका ओळीत लिहा आणि नगरसेवक, महापालिका आणि वाहतूक पोलीस, तिघांना द्या. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. रस्त्यात मीटरभर आत राहून चालवणं आणि अर्ज घेऊन महापालिकेत उभं राहणं, दोन्हींतून तू एकच गोष्ट सांगतेस, की हा रस्ता माझाही आहे.