प्रोसेस कंट्रोल आणि मामांचं हृदय

पुण्यात होस्टेलवर राहणाऱ्याला सिलॅबसमध्ये नसलेला एक विषय करावाच लागतो. तो म्हणजे पेशंटजवळ रात्री थांबणे. गावाकडून कुणी ससूनला, केईएमला किंवा रुबीला आलं की फोन आपल्यालाच! मागच्या सेमला मी मामांजवळ दहा रात्री काढल्या. आजार होता एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळलं ते आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत लिहितो.

या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे ठेक्यात आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे मिनिटाला ३०० ते ६०० विद्युत संदेश उसळत असतात. मधली ए. व्ही. नोड त्यातले बरेचसे अडवते (आपला फिल्टरच म्हणा ना), तरी नाडी १२०-१५० वर जाते. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधं वेग खाली आणतात. डिगॉक्सिन जास्त झालं तर मळमळतं, सगळं पिवळट दिसू लागतं. असं काही पेशंट म्हणाला तर सिस्टरना लगेच सांगायचं.

मॉनिटरवर ९० दिसले की नातेवाईक निवांत होतात. पण मोठा धोका त्या आकड्यात नाहीच! थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १९७८ च्या अभ्यासात ही शक्यता पाचपटीहून जास्त निघाली आणि ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेली असेल तर सतरापट. मामांची झडप त्याच तापाने अरुंद झालेली. अशा पेशंटवर २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास आला. त्यात नव्या रिव्हारॉक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनच्या गटातल्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. म्हणून मामांना वॉरफरिनच.

आता खरी गंमत. इथे सेट पॉइंट आहे आयएनआर २ ते ३. खाली गेलं तर गुठळी, वर गेलं तर रक्तस्राव. आज डोस बदलला तर पूर्ण परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, कारण रक्तात आधीच तयार असलेले गोठवणारे घटक हळूहळू संपतात. एवढा लॅग असलेल्या लूपमध्ये कंट्रोलरने घाई केली की काय होतं, ते लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. ऑसिलेशन!

त्यात बाहेरून डिस्टर्बन्स. मामांचा वेग आटोक्यात येईना म्हणून अमिओडॅरोन सुरू झालं. ते यकृतात वॉरफरिनचा निचरा मंदावतं. डॉक्टरांनी वॉरफरिन आधीच कमी केलं होतं, तरी आयएनआर ५.८ झालं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं. दोन डोस थांबवले, रोज तपासणी. चौथ्या दिवशी २.९. तोवर मी रात्रभर त्यांच्याशी बोलत बसायचो, जीभ अडखळते का, डोकं दुखतंय का बघत.

मेट्रोनिडॅझोलसारखी अँटिबायोटिकंही आकडा वर नेतात. आणि गुडघा दुखतो म्हणून आपल्या बॅगेतली डायक्लोफिनॅक काढून द्यायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मामींचा प्रश्न एकच, "मेथीची भाजी चालेल का रे?" मेथी-पालकातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या उलट काम करतं. तरी बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची, म्हणजे त्या हिशोबाने डोस बसवता येतो. अमिओडॅरोन मात्र बंद केल्यावरही महिनोन्‌महिने शरीरात राहतं. त्यामुळे मामा अजून तालुक्याला रक्त तपासायला जातात आणि आकडा मला कळवतात. मी ग्राफ काढून ठेवतो, डोस डॉक्टर ठरवतात.