ॲब्लेशनचं एस्टिमेट हातात आलं की काय पाहाल?

बसल्या जागी अचानक छातीत धडधड सुरू होते, नाडी मिनिटाला 180च्या घरात जाते आणि आली तशी थांबते. तरुण माणसात हा त्रास अनेकदा पीएसव्हीटीचा, म्हणजे हृदयाची गती अचानक वाढण्याच्या विकाराचा असतो. डॉक्टर ॲब्लेशन, म्हणजे हृदयातली दोषी जागा निकामी करण्याची प्रक्रिया, सुचवतात. मग एक रुग्णालय दीड लाख सांगतं, दुसरं साडेतीन, आणि घरचे गोंधळतात. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ॲब्लेशन या एका नावाखाली निरनिराळ्या प्रक्रिया येतात.

म्हणून आधी निदान पक्कं करा. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. काहीशे रुपयांचा तो कागद पुढचे हजारो रुपये वाचवू शकतो.

साध्या पद्धतीत जांघेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेतात, ईपी स्टडी (हृदयातल्या विद्युतमार्गांची तपासणी) करून दोषी जागा शोधतात आणि रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने तेवढीच जागा जाळतात. नेहमीच्या पीएसव्हीटीत यश 95 टक्क्यांच्या आसपास असतं आणि मुक्काम एक-दोन दिवसांचा. खासगी रुग्णालयात यासाठी ढोबळमानाने एक ते दोन लाख लागतात. थ्रीडी मॅपिंग, म्हणजे हृदयाचा त्रिमितीय नकाशा काढणं आलं की त्याचे पॅच आणि खास कॅथेटर यांमुळे खर्च अडीच ते चार लाखांवर जातो. एट्रियल फिब्रिलेशनचं (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकाराचं) काम याहून मोठं असतं. त्याचा खर्च चार लाखांच्या पुढे धरा आणि पुन्हा करावं लागण्याची शक्यताही मनात ठेवा. साध्या पीएसव्हीटीला थ्रीडी सुचवलं, तर कारण जरूर विचारा. गुंतागुंतीच्या केसमध्ये मात्र पैशांसाठी ते टाळू नका.

खर्चाचा मोठा वाटा कॅथेटरचा असतो. कॅथेटर नवं की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेलं, हे स्पष्ट विचारा. पुन्हा वापरलेलं असेल तर नव्याचा दर का द्यायचा? ईपी स्टडीत जाळण्याजोगं काही सापडलं नाही तर बिल किती होईल, तेही एस्टिमेटवर लिहून घ्या. क्वचित हृदयातला मूळ विद्युतमार्ग दुखावून पेसमेकर बसवावा लागतो. तो खर्च वेगळा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ॲब्लेशन त्यातल्या पॅकेजमध्ये बसतं का, हे भरती होण्याआधी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. खासगी विमा असेल तर खोलीभाड्याची मर्यादा पाहा. महागडी खोली घेतली की डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. औषधं, उपकरणं आणि तपासण्यांवर मात्र अशी कपात करता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. कंपनीने केलीच, तर लेखी हरकत घ्या.

घरी जाताना बिलासोबत ईपी स्टडीचा अहवाल मागून घ्या. त्रास उलटला तर आधी नेमकं काय केलं होतं, हे दुसऱ्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.