माळव्याची धूळ आणि बंद रेकॉर्ड प्लेअर

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैन येथे आपले ठाणे केले. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तरी कित्येक मराठी कुटुंबे क्षिप्रेकाठीच राहिली. जवळच्या देवास गावी कुमार गंधर्व यांचे वास्तव्य १९४८ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत होते. अशा परिसरातील एखाद्या जुन्या घरात बालगंधर्वांच्या वा मास्टर दीनानाथांच्या तबकड्या आणि त्या वाजविणारे यंत्र जपून ठेवलेले असावे, यात नवल नाही. ही यंत्रे रोज वाजत नाहीत. सणासुदीस वा पाहुणे आले असता ती उघडली जातात आणि एरवी महिनोन् महिने बंद असतात. हानी होते ती बहुधा याच काळात.

माळव्याची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वाऱ्याबरोबर तिची बारीक माती घरोघर शिरते. आधुनिक तबकडीवरील खाच मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी रुंद असते. हिऱ्याच्या सुईवरील भार बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास असला, तरी तिचे टोक इतके सूक्ष्म असते की त्याखालील दाब प्रचंड होतो. या दाबाखाली मातीचा कण सापडला, तर तो खाचेची भिंत कायमची ओरबाडतो. नंतर तबकडी कितीही स्वच्छ केली तरी ती खरखर जात नाही.

म्हणून वादन संपताच तबकडी फिरत्या थाळीवरून काढून पाकिटात घालावी व उभी ठेवावी. थाळीवर नमद्याची चकती असल्यास तीही झटकावी, कारण धूळ धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. सुईचा दांडा त्याच्या खुंटीवर अडकवून मगच झाकण लावावे. पारदर्शक झाकण कोरड्या फडक्याने घासण्याची सवय मात्र सोडावी. घासण्याने त्यावर विद्युत्भार निर्माण होतो आणि धूळ अधिकच चिकटते. किंचित ओलसर मऊ कापड पुरते. झाकण मोडलेले असेल, तर घट्ट विणीच्या सुती कापडाची खोळ शिवून घ्यावी. टर्किशचा टॉवेल घालू नये, त्याचे तंतू सुईत अडकतात. प्लॅस्टिकची थैली उन्हाळ्यात सोयीची वाटते, परंतु पावसाळ्यात तिच्या आत दमटपणा कोंडून तबकड्यांवर बुरशी धरते व धातूचे भाग गंजतात.

जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या बाबतीत एक दक्षता विशेष महत्त्वाची आहे. त्या बहुतांशी लाखेच्या असून लाख स्पिरिटमध्ये विरघळते. साफसफाईच्या उत्साहात स्पिरिटचा बोळा फिरविला, तर गाणेच पुसले जाईल.

बऱ्याच दिवसांनी यंत्र उघडताना प्रथम सुई पाहावी. टोकाशी करडा पुंजका दिसल्यास तो बोटाने काढू नये. अगदी मऊ कुंचला मागून पुढे, एकाच दिशेने फिरवावा. आडवा फिरविल्यास सुई धरणारी नाजूक काडी वाकते, आणि जुन्या यंत्रांच्या सुया आता सर्वत्र मिळत नाहीत.